घर कोणत्या भागात आहे?



मी घर बांधायला कर्ज काढलं, त्याला आता बारा वर्षं होतील. कागदांची पिशवी घेऊन बँकेत गेलो. पगाराचा दाखला अगदी वर ठेवला होता, कारण माझी सगळी भिस्त त्याच्यावर. साहेबांनी तो पाहिलाही नाही. त्यांनी पहिला प्रश्न केला, "सर, प्लॉट कोणत्या भागात आहे?" मी भाग सांगितला. साहेबांनी मान डोलावली आणि मगच कागद पुढे ओढले. माझं काम आठवड्यात झालं. माझ्याबरोबर त्याच बाकावर एक शिक्षक बसले होते. पगार जवळजवळ माझ्याएवढाच, नोकरी माझ्यापेक्षा जुनी. पण त्यांचा प्लॉट गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. त्यांचं काम झालं नाही. "कागद ठेवून जा, कळवतो," एवढंच त्यांना सांगण्यात आलं.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. पुढे अमेरिकेतल्या शहरांविषयी वाचत असताना हाच प्रश्न मला पुन्हा भेटला. तिथे तो एका माणसाला विचारला गेला नव्हता, एका अख्ख्या समाजाला शंभर वर्षं विचारला गेला होता. आज मी बोलणार आहे ते त्या समाजाविषयी, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांविषयी. आणि त्यातही त्यांच्यातल्या मध्यमवर्गाविषयी.

एक गोष्ट आधी सांगून टाकतो. आपल्या जुन्या पुस्तकांत या लोकांना 'निग्रो' म्हटलेलं आढळतं. तो शब्द त्यांनी स्वतःच टाकून दिला आहे. शिक्षक बंधुभगिनींनी वर्गात तो वापरू नये, ही विनंती.

या समाजाशी आपली ओळख तशी जुनी आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेत गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली. पण गुलामगिरी संपल्यावर त्या लोकांचं पुढे काय झालं, हे आपल्याकडे फारसं कोणी सांगत नाही. आपल्याला माहीत असतात ते गवई, खेळाडू, मार्टिन ल्यूथर किंग आणि अलीकडचे ओबामा. नाहीतर मग सिनेमात दिसणाऱ्या मोडक्या चाळी आणि गोळीबार. या दोन टोकांच्या मध्ये लक्षावधी साधी माणसं आहेत: शाळामास्तर, पोस्टमन, बसचालक, परिचारिका, कचेरीतले कारकून. ही माणसं राहतात कुठे?

१८६५ साली कायद्याने गुलामी संपली तेव्हा हा समाज मुख्यतः दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखात होता. १९१० च्या सुमारापासून १९७० पर्यंत त्यातले साठ लाखांच्या आसपास लोक उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. गिरण्या होत्या, कारखाने होते, मजुरी रोख मिळत होती. नोकरी मिळाली, घर मिळेना. गोऱ्या मालकांनी खरेदीखतातच कलम घालून ठेवलेलं असे की हे घर कृष्णवर्णीयाला विकायचं नाही आणि भाड्यानेही द्यायचं नाही.

त्यात सरकारची भर पडली. १९३३ साली स्थापन झालेल्या एका सरकारी मंडळाने पुढच्या काही वर्षांत दोनशेच्या वर शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा रंग म्हणजे उत्तम भाग, निळा म्हणजे चांगला, पिवळा म्हणजे उतरणीला लागलेला, आणि लाल म्हणजे धोक्याचा. कृष्णवर्णीय राहतात तो भाग जवळजवळ नेहमी लाल. १९३४ साली गृहकर्जाला सरकारी हमी देणारं नवं खातं निघालं. त्याचे नियमही याच वळणाचे. नुकसान अधिक झालं ते या दुसऱ्या खात्यामुळे. कारण हमी नाही म्हणजे स्वस्त कर्ज नाही, आणि कर्जाशिवाय पगारदार माणसाने घर बांधायचं कसं?

डेट्रॉइट शहरात तर याची एक भिंतच उभी आहे. १९४१ साली एका बिल्डरला गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. पण शेजारी काळ्या लोकांची वस्ती, म्हणून सरकारी हमी मिळेना. त्याने मधे सहा फूट उंच आणि सुमारे अर्धा मैल लांब भिंत घातली, आणि हमी मिळाली. भिंत आजही आहे. गंमत म्हणा किंवा दुर्दैव म्हणा, आता तिच्या दोन्ही बाजूंना कृष्णवर्णीयच राहतात.

आता एकेका शहरात शिरू. पहिलं शिकागो.

मिशिगन सरोवराच्या काठी वसलेल्या या शहराच्या दक्षिण भागात चॅटम नावाची वस्ती आहे. विटांची बैठी, टुमदार घरं, पुढे हिरवळीचा तुकडा. १९५० साली इथे शंभरात एकही कृष्णवर्णीय नव्हता. १९७० पर्यंत जवळजवळ सगळी वस्ती त्यांची झाली. वीस वर्षांत एवढी उलथापालथ झाली कशी?

शिकागोच्या अनेक भागांत याचं तंत्र ठरलेलं होतं. जमिनीचे दलाल गोऱ्या लोकांच्या गल्लीत एखाद्या काळ्या बाईला पैसे देऊन बाबागाडी ढकलत फिरायला लावत. मग घरोघर टेलिफोन करत: "ते लोक यायला लागले, भाव पडायच्या आत विका." घाबरलेला माणूस मिळेल त्या किमतीला घर विकून मोकळा होई. तेच घर दलाल दीडपट-दुपटीने काळ्या कुटुंबाच्या गळ्यात मारत. बँक तर त्यांना कर्ज देत नाही; म्हणून दलालालाच दरमहा हप्ते. आणि कागद कसा, तर शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर दलालाच्याच नावावर. आपल्या भाषेत सांगायचं तर पैसे भरायचे तुम्ही, घरपट्टी भरायची तुम्ही, गळकं छप्पर दुरुस्त करायचं तुम्ही. आणि सातबारा मात्र त्याचा. एक हप्ता चुकला की सामान रस्त्यावर, आणि भरलेला सगळा पैसा बुडाला. १९६८ साली या खरेदीदारांनी संघटना करून हप्ते रोखले आणि कोर्टात झगडले. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ साली हिशेब मांडला, तो असा की या एका व्यवहारापायी शिकागोच्या कृष्णवर्णीय कुटुंबांचे आजच्या भावाने तीन ते चार अब्ज डॉलर गेले.

चॅटमचं नशीब त्या मानाने बरं. इथे आले ते बांधलेल्या पगाराचे लोक. तरी सुरुवात सोपी नव्हती. महालिया जॅक्सन ही त्यांच्या भक्तिगीतांची थोर गायिका. तिने १९५६ साली इथे घर घेतलं तेव्हा तिच्या खिडक्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती हलली नाही. हळूहळू गोरे गेले, आणि आलेल्यांनी वस्ती राखली. कशी राखली? प्रत्येक गल्लीचं एक मंडळ. गल्लीच्या तोंडाशी पाटी: इथे मोटारी धुऊ नयेत, रस्त्यावर चेंडू खेळू नये, मोठ्याने गाणी लावू नयेत. मला या पाट्यांचं प्रथम हसू आलं. आपल्या सोसायटीच्या चिटणीसांची आठवण झाली. पण थोडा विचार केला तेव्हा हसू राहिलं नाही. ज्याच्या हिरवळीवरून त्याची सगळी जात जोखली जाते, त्याला गवत कापायला उशीर करून चालत नाही.

आणि एवढं करूनही संरक्षण अपुरंच. मेरी पॅटिलो या समाजशास्त्रज्ञ बाई शिकागोतल्या अशाच एका वस्तीत काही वर्षं राहिल्या आणि १९९९ साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: गोरा मध्यमवर्ग पैसा आला की गरिबीपासून लांब जाऊन राहतो. काळ्या मध्यमवर्गाला तसं लांब जाऊ दिलं गेलं नाही. त्याची वस्ती गरीब वस्तीला लागूनच. शाळा एक, बाग एक, चुलतभाऊ त्या बाजूला. २०१० साली चॅटममध्ये एक तरुण पोलीस अधिकारी आईवडिलांच्या घरून निघाला होता. इराकच्या लढाईत दोनदा जाऊन सुखरूप परतलेला. चोरांनी त्याची मोटारसायकल हिसकावण्यासाठी घरासमोरच त्याला गोळी घातली. वडीलही निवृत्त पोलीस. समोरच्या बागेत मुलांना निर्धास्त खेळता यावं म्हणून तो मुलगा खटपट करत होता.

चॅटममध्ये १९६५ साली कृष्णवर्णीयांनी आपली बँकही काढली होती, सीवे नावाची. ती २०१७ साली बुडाली. आज तिथल्या म्हाताऱ्यांची मुलं परत यायला तयार नाहीत. कोणी उपनगरात जातो. आणि बरेच जण चक्क दक्षिणेत, जिथून आजोबा पळून आले होते तिथे जातात. त्यांतलं सगळ्यांत आवडतं शहर म्हणजे ॲटलांटा.

ॲटलांटाची गोष्ट वेगळी आहे, आणि मला स्वतःला ती अधिक मोलाची वाटते.

तिथे भेदभाव कमी होता म्हणून नव्हे; तो अधिकच होता. पण तिथे या समाजाच्या हातात दोन गोष्टी होत्या: स्वतःची कॉलेजं आणि स्वतःचा पैसा. मोरहाउस हे मुलांचं आणि स्पेलमन हे मुलींचं कॉलेज एकोणिसाव्या शतकापासून चाललेलं. अलोन्झो हर्न्डन नावाचा माणूस गुलाम म्हणून जन्माला आला, न्हाव्याचं दुकान काढून श्रीमंत झाला, आणि १९०५ साली त्याने विमा कंपनी उभारली. १९२१ साली सिटिझन्स ट्रस्ट बँक निघाली. म्हणजे शिकागोत दलालाच्या हातापाया पडायची वेळ ज्याच्यावर आली, त्याला ॲटलांटात निदान एक दार ठोठावता येत होतं.

या पैशातून काय झालं ते पाहा. १९५० नंतर शहराच्या पश्चिम कडेला त्यांनी मोकळी जमीन घेतली आणि कॉलिअर हाइट्स ही वस्ती वसवली. इथे गोऱ्यांनी सोडलेली घरं नव्हती. आखणी त्यांची, बांधकाम बरंचसं त्यांचं, कर्जाची सोय त्यांची. सुमारे सतराशे घरं. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, गवंडीकामातून मोठे झालेले कंत्राटदार. मार्टिन ल्यूथर किंग यांचे वडीलही पुढे इथेच राहिले. या घरांची एक खूण सांगतो. पुष्कळ घरांना तळघर आहे, आणि ते सामान टाकायला नाही. छान सजवलेलं, दहा-वीस माणसं बसतील असं. कारण शहरातल्या चांगल्या हॉटेलात यांना प्रवेश नव्हता. लग्नाचा वाढदिवस, पाहुण्यांचं जेवण, गाणंबजावणं, चळवळीची खलबतंही घरातच. २००९ साली ही वस्ती देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत आली.

पण पुढे सरकायला गेलं की तिथेही भिंत आडवी. १९६२ च्या डिसेंबरात एका कृष्णवर्णीय शस्त्रवैद्याने कॅस्केड हाइट्स या गोऱ्या भागाकडे घर घ्यायचं मनात आणलं. गोऱ्यांनी ओरड केली. महापौर आयव्हन ॲलन यांनी पेटन रस्त्यावर लाकडी अडसर घालून रहदारीच बंद केली. बर्लिनची भिंत उभी राहून दीडच वर्ष झालं होतं. लोकांनी याला ॲटलांटाची भिंत म्हटलं. दहा-अकरा आठवड्यांनी कोर्टाने ती काढायला लावली. भिंत गेली, आणि पाठोपाठ गोरेही गेले. थोड्याच वर्षांत कॅस्केड हाइट्स काळ्या मध्यमवर्गाचं मानाचं ठिकाण झालं. महापौरांची बाजूही सांगितली पाहिजे: आपली चूक त्यांनी कबूल केली, आणि १९६३ सालीच ते वॉशिंग्टनला जाऊन समान हक्कांच्या कायद्याच्या बाजूने साक्ष देऊन आले. दक्षिणेतल्या गोऱ्या महापौराला तेव्हा ही गोष्ट सोपी नव्हती.

वॉशिंग्टनचं नाव निघालंच आहे, तर तेही आटोपतं सांगतो. राजधानी म्हटली की सरकारी नोकऱ्या. आपल्याकडे घरात एक सरकारी नोकर असला की कुटुंब जसं सावरतं, तसं तिथे झालं. १९६८ च्या एप्रिलमध्ये किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याच्या आत घरांच्या विक्रीत आणि भाड्यात वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा मंजूर झाला. त्यानंतर राजधानीतले पगारदार शेजारच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत सरकू लागले. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग समजा. १९९० च्या जनगणनेत तिथे कृष्णवर्णीय निम्म्याहून अधिक झाले. आणि नवल असं की ते आले आणि भागाचं उत्पन्न वाढलं. एकरभर आवाराची घरं, दोन-दोन मोटारी. तरी एक तक्रार जुनी आहे: चांगली दुकानं, चांगली हॉटेलं आमच्याकडे यायला बिचकतात, शेजारच्या कमी उत्पन्नाच्या गोऱ्या भागात मात्र जातात. आणि ज्या सरकारी नोकरीवर हे सगळं उभं, तिच्यातच २०२५ साली मोठी कपात सुरू झाली.

आता जरा आकड्यांकडे वळू. शिक्षकांनी हवं तर टिपून घ्यावेत. ब्रुकिंग्ज या संशोधनसंस्थेने २०१८ साली एक तुलना केली. घर तसंच, खोल्या तेवढ्याच, शाळा आणि सोयीही सारख्या धरल्या. फरक एकच: वस्ती निम्म्याहून अधिक काळ्या लोकांची. अशा घराची किंमत सरासरी ४८,००० डॉलरांनी कमी भरली. देशभराची बेरीज १५६ अब्ज डॉलर. हा पैसा कोणी चोरून नेलेला नाही; तो मुळात धरलाच गेला नाही. मध्यमवर्गाची बचत बँकेत थोडी आणि घरात जास्त असते. मुलाची फी, म्हातारपण, दुकानाचं भांडवल, सगळं घर गहाण टाकून उभं राहतं. त्या घराचंच मोल कमी, तर पिढीगणिक अंतर वाढतच जाणार. २०२२ च्या सरकारी पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मधली संपत्ती २,८५,००० डॉलर होती. कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पगारातलं अंतर याच्यापेक्षा पुष्कळच कमी आहे.

पूर्वी बँका यांना कर्ज देत नव्हत्या. २००० नंतर उलट झालं. बँका दारात येऊन कर्ज देऊ लागल्या. पण चढत्या व्याजाचं, आणि तेही ज्यांना साधं कर्ज सहज मिळालं असतं अशांना. २००८ साली सगळा डोलारा कोसळला तेव्हा चॅटममध्ये, ॲटलांटात, प्रिन्स जॉर्जेसमध्ये घरामागून घर जप्त झालं. वेल्स फार्गो या मोठ्या बँकेने आरोप मान्य न करता २०१२ साली सरकारशी तडजोड केली आणि साडेसतरा कोटी डॉलर देऊ केले. बाजार सावरला, पण गेलेलं घर परत आलं नाही.

तर मग या वस्त्यांतल्या घरांचे भाव वाढले की प्रश्न सुटला, असं कोणी म्हणेल. मलाही तसंच वाटत होतं. म्हणून लॉस एंजेलिस शेवटी ठेवलं.

त्या शहरात शुगर हिल नावाची मोठमोठ्या बंगल्यांची टेकडी होती. हॅटी मॅकडॅनिएल ही नटी तिथे राहत असे. ऑस्कर पारितोषिक मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय. शेजाऱ्यांनी खरेदीखतातल्या कलमावर बोट ठेवून तिला आणि इतरांना हुसकायला दावा लावला. १९४५ साली न्यायाधीशांनी तो काढून टाकला. आणि १९४८ साली देशाच्या सर्वोच्च न्यायालयानेच ठरवलं की असली कलमं कोर्टांनी अमलात आणू नयेत. बाईंनी दावा जिंकला. पण १९६० नंतर मोटारींचा हमरस्ता बांधला गेला तो नेमका त्या टेकडीच्या पोटातून. नुकसानभरपाई मिळाली, वस्ती मोडली.

ती माणसं आणखी पश्चिमेला, बाल्डविन हिल्स आणि व्ह्यू पार्क या टेकड्यांवर गेली. व्ह्यू पार्क मुळात गोऱ्यांसाठी बांधलेलं. अंगणातून सगळं शहर खाली पसरलेलं दिसतं. रे चार्ल्स हा अंध गायक तिथे राहत होता, आणि त्याच्या आसपास शाळांचे मुख्याध्यापक, दंतवैद्य, विमा एजंट. २०१६ साली या वस्तीचाही ऐतिहासिक यादीत समावेश झाला. २०२२ साली जवळून नवी रेल्वे सुरू झाली. भाव तर त्याआधीच कडाडले होते. ज्या मास्तरांनी पन्नास वर्षांपूर्वी हप्त्याने घर घेतलं, ते आज कागदावर लक्षाधीश आहेत. पण त्यांची मुलगी, तीही मास्तरीणच, तिच्या पगारात त्याच गल्लीत घर घेऊ शकत नाही. घेणारे येतात ते बहुतेक गोरे, तरुण, सिनेमाच्या नाहीतर संगणकाच्या धंद्यातले.

म्हाताऱ्या मालकांच्या पत्रपेटीत दलालांची पत्रं पडत असतात. शिकागोतला दलाल टेलिफोनवरून गोऱ्याला भिववत होता. हा गोड बोलतो, रोख रक्कम लिहून पाठवतो. काही जण विकतात आणि ॲटलांटाला किंवा आणखी आत, उन्हाच्या मुलखात मोठं घर घेतात. काही जण त्या पत्रांकडे पाहतही नाहीत. आणि पुष्कळ घरांत सध्या बोलणं चाललेलं आहे: आई विकू म्हणते, कारण गुडघे दुखतात आणि टेकडीचा चढ झेपत नाही, मुलगी म्हणते, तू हे घर विकलंस तर आपल्यापैकी कोणी या टेकडीवर परत येणार नाही.